फळ्यावरचं आईचं वाक्य

“बाई, जरा मोठ्यानं बोला. मागच्या बाकावर ऐकू जात नाही.”

माझी आई वर्गाच्या दारात उभी होती. सर टेबलाला टेकून होते, हातात खडू. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुन्हा बोलली. मोठ्यानं. सरांनी सांगितलं म्हणून.

“सर, माह्या पोरीले घरी धाडा. तिचा बाप तिची आठवण करून राह्यला.”

वर्ग हसला.

“आणखी एकदा. सावकाश. लिहून घेतो.”

आई तिसऱ्यांदा बोलली. सरांनी तिचं बोलणं जसंच्या तसं फळ्यावर उतरवलं. दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घातली. ‘पोरीले’खाली एक रेघ मारली. ‘राह्यला’खाली दोन.

मी नववीत होते. मुलींच्या रांगेत तिसऱ्या बाकावर. शाळा कुरखेड्याला, आमचं गाव तिथून आत जंगलात, एसटीनं सव्वा तासाच्या वाटेवर. मी मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होते. त्या दिवशी इंग्रजीच्या तासाला दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात कसं सांगायचं ते चाललं होतं. डायरेक्टचं इनडायरेक्ट. पुस्तकातली वाक्यं संपली होती. राम म्हणाला, सीता म्हणाली, सगळं झालं होतं. आणि तेवढ्यात माझी आई आली.

“घ्या,” सर म्हणाले, “उदाहरण स्वतःच्या पायानं चालत आलं.” मग नाक थोडं वर करून, “आणि तलावही सोबत घेऊन आलं.”

पुन्हा हसू.

आम्ही ढिवर. बाबा गावच्या मालगुजारी तलावात जाळं टाकायचे, आई मासोळी विकायची. रोवणीच्या दिवसांत दोघं दुसऱ्याच्या बांधीत धान रोवायचे. त्या दिवशी आईच्या पोटऱ्यांवर बांधीचा चिखल वाळला होता. साडी अजून वर खोचलेली होती, ती सोडायचंही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. चप्पल तिनं शाळेच्या फाटकाशीच काढून ठेवली होती. देवळात काढतात तशी.

आता एक सांगते, ते नीट ऐकून घ्या. आमच्याकडे कोणी मरणाला टेकलं की तसं बोलत नाहीत. दुसऱ्याच्या उंबरठ्यावर तर नाहीच, आणि लेकराच्या पुढ्यात तर मुळीच नाही. तोंडातून निघालं की खरं होतं, असं म्हातारे सांगतात. म्हणून निरोप आणणारा येतो, पाणी मागतो, इकडचं तिकडचं विचारतो आणि जाता जाता म्हणतो, “बुढा आठवण करून राह्यला.” एवढंच. ऐकणारा हातातलं काम टाकतो आणि निघतो. कोणी “काऊन?”, म्हणजे “का?”, असं विचारत नाही. ऐन रोवणीत, भर दुपारी, चिखलाच्या पायांनी बाई असं सांगत आली तर तीन वर्षांच्या पोरालाही समजतं.

बाबांना दीड महिना कावीळ होती. झाडपाला झाला, मग गडचिरोलीचा दवाखाना झाला. तिथून त्यांना घरी पाठवलं होतं. बरं वाटेल म्हणून पाठवलं, असं मला सांगितलं होतं.

म्हणजे मला समजलं होतं. पहिल्याच वेळी. आई हळू बोलली तेव्हाच.

सरांनी आधी वाक्य शुद्ध करायला लावलं. “कोण सांगेल, प्रमाण मराठीत?” वकिलाच्या मुलानं सांगितलं. सरांनी ते खाली लिहिलं. मग इंग्रजी. त्याला दोघं लागले, आणि तिसऱ्यानं दुरुस्ती केली. सर मधून मधून आईकडे बघून तिच्या आवाजात बोलायचे, लांब हेल काढून. नक्कल त्यांना फार छान जमायची. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत, तिथल्या नाटकात विनोदी भूमिका करायचे ते. गावंढळ माणूस रंगवावा तर त्यांनीच, असं सगळा तालुका म्हणायचा.

आई दारातच होती. मधेच तिनं विचारलं, “झालं का सर?”

“थोडं थांबा बाई. तुमचंच काम चाललंय.”

तिनं मान हलवली. तिला खरंच वाटलं तिचंच काम चाललंय. आयुष्यभर तिनं कचेऱ्याच पाहिल्या होत्या. तहसीलात, दवाखान्यात, वनखात्याच्या नाक्यावर, कुठेही गेलं की आपण बोलायचं, समोरच्यानं लिहायचं आणि मग कागद हातात पडायचा. लिहिणाऱ्याला घाई करायची नाही, हे ती पक्कं शिकली होती. सर फळ्यावर लिहीत होते तो तिच्या हिशेबी पोरीच्या सुटीचा अर्ज होता.

“आता शेवटचं,” सर म्हणाले. “याचं इनडायरेक्ट. तुझीच आई ना? मग तूच कर.”

मी उठले. बाकांपुढे आले की दार डावीकडे, फळा उजवीकडे. आई चार पावलांवर होती. मी उजवीकडे गेले.

सरांनी माझ्या हातात खडू दिला आणि मी लिहू लागले. कोण म्हणालं, कोणाला म्हणालं. विनंती आहे म्हणून क्रियापद बदललं. अवतरणचिन्हं काढली. ‘इज’चं ‘वॉज’ केलं. त्यावर कोणी उसासे टाकू नयेत, नियमच तसा आहे. मी लिहीत होते तेव्हा शाळेच्या मागून एसटीचा हॉर्न ऐकू आला, लांब, दोनदा. पावणेदोनची गाडी. आमच्या गावाकडे जाणारी दुपारची एकच. मला तो हॉर्न चांगला माहीत होता.

मी पूर्णविराम दिला.

“शाबास,” सर म्हणाले. “एकही चूक नाही. बघा, तलावातून कमळ येतं ते असं.”

वर्गानं टाळ्या वाजवल्या. आईनंही वाजवल्या, दारात उभं राहून.

आम्ही स्टँडवर धावत गेलो तर चिखलात चाकांच्या ओल्या खुणा होत्या. “गेली ना बाई,” कंट्रोलर म्हणाला, “आता एकदम मुक्कामी गाडी, सहाले.” आई तिथे थांबली नाही. चालायला लागली. मी तिच्या मागे. वाटेत एका ट्रॅक्टरनं फाट्यापर्यंत सोडलं, तिथून पुन्हा चाल. दोघीही बाबांविषयी बोललो नाही. फाट्यापुढच्या मोहाच्या झाडाखाली ती दम घ्यायला थांबली तेव्हा म्हणाली,

“सर चांगले हायेत तुहे. माहा अर्ज सोता लिहून घेतला.”

“हो,” मी म्हणाले.

“पोट्टे हासत होते.”

“हो.”

“हासू दे. हासतीन त्याचे दात दिसतीन.”

आम्ही पोहोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. अंगणात माणसं बसली होती, आणि आम्हाला बघून कोणी उठलं नाही. त्यावरूनच समजलं. बाबा साडेतीनला गेले होते. पावणेदोनची गाडी तीनला गावात येते. अर्धा तास मिळाला असता. मी हा हिशेब किती वेळा केला आहे ते मला सांगता येणार नाही, आणि तो दर वेळी तेवढाच येतो.

काकू माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “दाराकडेच पाहे माय तुहा बाप. आली का, आली का, म्हने.” त्यावर माझा मोठा बाप, म्हणजे बाबांचा थोरला भाऊ, म्हणाला, “नाई ना. तो म्हने, शिकू द्या तिले, बलावू नोका.” दोघंही रडत होते. दोघंही खोटं बोलणारी माणसं नव्हती. बाबा नेमकं काय बोलले ते मला आजवर ठाऊक नाही. माझ्या बापाचं शेवटचं बोलणं माझ्याकडे नाही. लोकांनी सांगितलेलं आहे, तेही दोन तऱ्हांचं.

पुढचं अधिक अवघड आहे.

आईनं त्या दिवसातून एकच गोष्ट उचलून जपून ठेवली. तेराव्याला बायका बसल्या होत्या तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. “मी जे बोल्ली ना, त्याचं माह्या पोरीनं इंग्रजी केलं. साऱ्या वर्गापुढं. सर शाबास म्हनले.” बायकांनी तोंडावर हात ठेवले. कौतुकानं. मग ती हे बाजारात मासोळीच्या टोपलीमागे बसून सांगू लागली. बचत गटात सांगायची. मला बघायला पाहुणे आले तेव्हा चहाआधी हेच. नवरा गेला त्या दिवसाची तिच्याकडे दुसरी कुठली चांगली आठवण नव्हती. मी कोणत्या तोंडानं तिला सांगणार होते, की माय, ते तुझ्यावर हसत होते? मी गप्प राहिले. एक वर्ष, दोन वर्षं, मग सवय झाली.

आणि मलाही सोयीचंच होतं ते. तिला सगळं सांगितलं असतं तर माझं उजवीकडे जाणंही सांगावं लागलं असतं.

मी शिकले. बी.ए., बी.एड. आता चंद्रपूरकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवते. पोरं म्हणतात, बाई चांगलं शिकवतात. फक्त एक धडा मी कधी शिकवला नाही. दर वर्षी तो आला की छापील नोट्स वाटते, “नियम पाठ करा” म्हणते, आणि खिडकीशी जाऊन उभी राहते. हेडमास्तरांनी एकदा विचारलं. मी म्हणाले, घसा बसलाय. असा माझा घसा सात वर्षं बसतोय.

गेल्या हिवाळ्यात मी गावी आईकडे आले असताना कुरखेड्याच्या शाळेतून पत्र आलं. सर निवृत्त होत होते, माजी विद्यार्थ्यांनी यावं. मी पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं. आईला ते सापडलं. वाचता येत नाही, पण शाळेचा शिक्का तिनं ओळखला.

“मले बी नेजो,” ती म्हणाली. “सरले भेटाचं हाये.”

तिनं तयारी केली ती लग्नाला जावं तशी. तलावातले झिंगे आणून वाळवले, निवडले, पळसाच्या पानांत बांधले, वरून स्वच्छ फडकं. “सरच्या घरी असे झिंगे कुठी भेटतीन,” म्हणाली. हॉलमध्ये पोहोचताच तिनं ते पुडकं भेटवस्तूंच्या टेबलावर ठेवलं, शाली आणि चकचकीत कागदांच्या खोक्यांमध्ये. मग दुसऱ्या रांगेत माझ्याशेजारी बसली. पदर डोक्यावर.

सर म्हातारे झाले होते. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं त्यांना बघून. इंग्रजी मला त्यांनीच दिलं, हे मी नाकारत नाही. फुकट जादा तास घेतलेत त्यांनी. पुस्तकं दिलीत. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर हे सगळं सोपं झालं असतं.

भाषणात त्यांनी जुने किस्से काढले. लोक हसत होते. मग म्हणाले, “एक दिवस मी डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकवतोय, आणि दारात एक बाई.” आईनं माझा हात दाबला. तिचा चेहरा उजळला. आपली गोष्ट आली, हे तिला समजलं.

आणि सर तिच्या आवाजात बोलले. तोच लांब हेल. कंबरेवर हात, पाय फाकवून, नाकात बोलणं. “सऽऽर, माह्याऽ पोरीलेऽ धाडाऽऽ.”

हॉल फुटला हसून.

मी आईकडे पाहिलं. ती हसत होती, सगळे हसत होते म्हणून. मग हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे इकडे तिकडे फिरू लागले. डावीकडचा माणूस हसतोय. पुढची बाई डोळे पुसतेय हसून. तिनं माझ्या हातातला हात काढून घेतला आणि पदर पुढे ओढला. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा तो वर्ग दिसत होता, बाकांच्या बाजूनं.

“आणि तिच्या मुलीनं,” सर सांगत होते, “तिथल्या तिथं अचूक उत्तर दिलं. तीच मुलगी आज इंग्रजीची शिक्षिका आहे, आणि आज इथं आहे. ये बेटा. तेच वाक्य, पुन्हा एकदा. सगळ्यांना ऐकू दे.”

टाळ्या. मी उठले. मला चांगलं आठवतं, वर जाईपर्यंत मी काहीच ठरवलं नव्हतं. दोन ओळी बोलून खाली यायचं, एवढंच डोक्यात होतं. माइक हातात घेतला आणि समोर आई दिसली. पदर डोळ्यांपर्यंत आलेला.

“सर, त्या वाक्याचं मी काही करणार नाही,” मी म्हणाले. “माझी आई जे बोलली तेच सांगते. माह्या पोरीले घरी धाडा. तिचा बाप तिची आठवण करून राह्यला.”

मी हेल काढला नाही. ती बोलली होती तसंच बोलले. एकदोघं हसले, मग थांबले.

“आमच्या गावात हे बोलतात ते माणूस मरायला टेकल्यावर. वर्गातली निम्मी पोरं खेड्यातली होती, त्यांनाही ते माहीत होतं. तरी हसली. पावणेदोनची गाडी आमची चुकली, हे वाक्य सोडवता सोडवता. माझे बाबा साडेतीनला गेले.”

सर खुर्चीतून अर्धे उठले होते.

“अगं, पण मला काय माहीत? त्यांनी तसं सांगितलंच नाही.”

“तीनदा सांगितलं, सर. तुम्हीच म्हणालात, मोठ्यानं बोला.”

ते खाली बसले. त्यांचं तोंड पडलं होतं. मला त्यात आनंद झाला नाही. मला वाटलं होतं होईल.

“तुम्ही वाक्याचं सगळं केलं. शुद्ध केलं, इंग्रजी केलं, फिरवलं. एवढंच विचारलं नाही, की बाई, रोवणी टाकून काऊन आल्या?”

मी माइक ठेवला. खाली आले तर आईची खुर्ची रिकामी. ती भेटवस्तूंच्या टेबलाशी उभी होती, पाठमोरी. शाली बाजूला करून तिनं आपलं पुडकं शोधून काढलं, काखेत घेतलं आणि दाराकडे निघाली. कोणाकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. पुडकं मांडीवर. बाहेर कापलेल्या धानाच्या बांध्या, रचलेल्या पेंढ्यांचे पुंजणे, मधे मधे जंगल. फडक्याची गाठ पुन्हा आवळत तिनं विचारलं.

“मंग तो अर्ज नवता?”

“नाई, माय.”

गाडी दोन थांबे पुढे गेली. माणसं उतरली, चढली.

“तुले समजलं होतं? मी बोल्ली तवा?”

हाच प्रश्न. समजलं कसं नाही, असं सरांना मी हॉलभर माणसांपुढे विचारलं होतं, आणि आता तो माझ्यापुढे येऊन थांबला होता. मला खोटं बोलता आलं असतं. मी लहान होते, असं म्हणता आलं असतं.

“हो. समजलं होतं.”

“मंग काऊन नाई आली धावत? मी त उभीच होती.”

“मले शाबासकी पाह्यजे होती.”

ती रडली नाही. खिडकीकडे तोंड करून बसली ती आमचं उतरायचं ठिकाण येईपर्यंत. उतरताना मी पुडकं घ्यायला हात पुढे केला. तिनं दिलं नाही.

त्या दिवसापासून आईनं ती गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. बचत गटातल्या बायका विचारतात, ती विषय बदलते. नवऱ्याच्या मरणाच्या दिवशीचं तिच्याकडे सुखाचं म्हणून जे एवढंसं होतं, ते मी भर सभेत काढून घेतलं. लोक मला म्हणाले, धीराची पोरगी आहेस. कोणी फोन करून अभिनंदन केलं. कोणी म्हणालं, म्हातारपणी गुरूची अब्रू घेतली. आईपाशी माफी मागितली. ती म्हणाली, “खरं बोल्ली ना? मंग झालं.” पण जेवायला वाढताना ती माझ्याकडे बघत नाही, अजून नाही. बघेल का, ठाऊक नाही. तरी मी तो माइक पुन्हा हातात घेतला असता. हे मी तिला सांगितलं आहे.

येत्या सोमवारी माझ्या वर्गात तो धडा आहे. यंदा नोट्स वाटणार नाही. घसाही बसणार नाही. खिडकीशी नाही, फळ्याशी उभी राहून शिकवणार आहे, सगळे नियम, एक न सोडता, कारण माझ्या पोरींना ते यायलाच पाहिजेत. कोणीतरी त्यांना यातलं विचारून हसणार आहे.

पण दार उघडं राहील. आणि दारात कोणी आलं, चिखलाच्या पायांनी, मासोळीच्या वासानं, कुठल्याही बोलीत, तर वाक्य अर्धं राहील, खडू खाली पडेल. मी विचारीन, “काऊन आल्या, बाई?” त्या एकदाच सांगतील, हळू सांगितलं तरी मी ऐकीन. आणि त्यांच्या पोरीला हाताला धरून मी स्वतः स्टँडवर नेईन, गाडी सुटायच्या आत.